भारत सरकारचे सावकार

भारत सरकार अजून बुडालेलं नाही याचं श्रेय जे लोक अर्थखात्यातल्या हुशार अधिकाऱ्यांना देतात, त्यांनी एकदा कोल्हापुरात येऊन माझ्या चुलत सासऱ्यांना भेटून जावं. हे गृहस्थ मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत राहतात, रोज सकाळी कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून दारातल्या कट्ट्यावर बसतात आणि देश नीट चालला आहे की नाही ते बघतात. बघण्याचा त्यांना हक्कच आहे, कारण देश त्यांच्या पैशावर चालतो. पैसे साडेतीन लाख, पण चालतो त्यांच्याच पैशावर. आमच्या गल्लीत कुणाचा मेहुणा मंत्रालयात शिपाई आहे, कुणाचा साडू आमदाराच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. पण साक्षात सरकारला तीस वर्षांच्या बोलीवर उसने पैसे दिलेला माणूस अख्ख्या गल्लीत एकच. पैसे दिले तेव्हा आप्पा एकोणसत्तर वर्षांचे होते. (माझी बायको त्यांना आप्पा म्हणते, म्हणून मीही म्हणतो.) मुदत संपेल तेव्हा तुम्ही नव्याण्णव वर्षांचे असाल, हे मी एकदा हळूच त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "मग? सरकारनं तवर टिकाया नको व्हय?" आपल्या टिकण्याविषयी त्यांना काही शंका नव्हती.

मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे पैसा सोडून पैशाविषयीचं बाकी सगळं मला येतं. 'वित्तीय बाजारांची नियमनमुक्ती' हा धडा मी वीस वर्षं शिकवत आलो आहे. फायदे डाव्या हाताला, तोटे उजव्या हाताला, मध्ये रेघ. आप्पांना तोच धडा बाजारानं फळ्याशिवाय शिकवला. चाळीस वर्षं ते यार्डात गुळाचे सौदे काढत. गुळाची ढेप, आमच्याकडे तिला रवा म्हणतात, समोर आली की अंगठ्यानं तिचा कोपरा फोडायचा, वास घ्यायचा, खडा जिभेवर ठेवून क्षणभर डोळे मिटायचे आणि मग व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून भाव पुकारायचा. आवाज असा, की घरात त्यांनी पाणी मागितलं तर शेजारची माणसं तांब्या भरून आणत. पुढे शेतमाल यार्डाबाहेर विकायला मोकळीक मिळाली, गूळ गुऱ्हाळावरूनच परस्पर ट्रकात चढायला लागला आणि सौद्याच्या वेळी आप्पांसमोर चार रवे आणि एक झोपलेलं कुत्रं उरलं. दुकानातला आपला वाटा पुतण्यांना सोडून, त्याचे पैसे घेऊन ते घरी बसले. सहा महिने ते इतक्या हळू आवाजात बोलले, की त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, स्वतःचे कान तपासून घेतले.

मग एके दिवशी सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत त्यांनी पेपर वाचला. त्यात एका कोपऱ्यात बातमी होती, की सरकारी कर्जरोख्यांचा बाजार आता सामान्य माणसालाही मोकळा झाला आहे. पूर्वी जिथे फक्त बँका आणि विमा कंपन्या जात, तिथे आता कुणीही घरबसल्या जाऊ शकतो. आप्पांना त्यातला एकच शब्द दिसला: लिलाव. अर्धी दाढी तशीच ठेवून ते पेपरासकट माझ्या घरी आले. "पावणं, दिल्ली लिलाव काढतीया म्हनं," ते म्हणाले. "आपल्याला घुसाया येतंय का न्हाय, तेवढंच सांगा." मी त्यांना वित्तीय तूट म्हणजे काय, सरकार कर्ज का काढतं, रोखा म्हणजे काय, हे सगळं वर्गात सांगतो तसं सांगितलं. त्यांनी वर्गातल्या मुलांइतकंच लक्ष दिलं. ज्या मोकळिकीनं त्यांचा एक लिलाव काढून घेतला होता तीच आता दुसरा घेऊन दारात आली होती, आणि सहा महिन्यांनी त्यांचा आवाज पुन्हा शेजारी ऐकू गेला.

मात्र माल बघितल्याशिवाय बोली लावणारा माणूस यार्डात मूर्ख समजला जातो. सरकार हा माल असेल तर तो बघायला हवा, असं त्यांनी ठरवलं, आणि पुढचा आठवडा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून सरकार तपासत फिरलो. तहसील कचेरीत ते कुठलंही काम नसताना रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर कारकुनानं काय पाहिजे विचारलं, तेव्हा "काय न्हाय, चालू द्या" म्हणून बाहेर आले आणि म्हणाले, रंग काळा आहे पण कडक आहे. एसटी स्टँडवरच्या मुतारीचा त्यांनी फक्त वास घेतला. कळंब्याला तुरुंगाच्या फाटकावर जाऊन त्यांनी शिपायाला विचारलं की कर्ज बुडवणारी माणसं इथेच ठेवतात का. शिपायानं प्रामाणिकपणे सांगितलं की हजारात बुडवणारी इथे असतात, कोटीत बुडवणाऱ्यांचं त्याला ठाऊक नाही. राधानगरीला मात्र आप्पा खूश झाले. धरण भरलं की तिथले दरवाजे आपोआप उघडतात, हे बघत ते भर पावसात तासभर छत्री विसरून उभे होते. "हे बेस हाय. कुनाची सही लागत न्हाय," ते म्हणाले. धरण संस्थानच्या काळातलं आहे, आताच्या सरकारचा त्यात काही हात नाही, असं मी म्हटलं. त्यावर त्यांचं म्हणणं पडलं, की जुना माल इतकी वर्षं न बिघडवता ठेवणं हीसुद्धा मालकाची लायकीच असते.

लिलावाच्या दिवशी ते परीटघडीचं धोतर आणि टोपी घालून माझ्या लॅपटॉपसमोर बसले आणि त्यांनी घसा साफ केला. मी नाव भरलं, रक्कम भरली, बटण दाबलं. झालं, म्हणालो. आप्पांनी विचारलं, भाव कधी पुकारायचा. तेव्हा मला ती गोष्ट सांगावी लागली, जी मी आठवडाभर टाळत होतो. किरकोळ माणसानं फक्त किती घेणार तेवढंच सांगायचं असतं. भाव मोठ्या बँका आपसात बोली लावून ठरवतात आणि तोच आपल्याला मान्य करावा लागतो. चाळीस वर्षं ज्यानं भाव काढला त्याला सरकारच्या दारात तोंड उघडायची परवानगी नव्हती. "म्हंजे रवा फोडून बघितला आम्ही," आप्पा म्हणाले, "आनि भाव काढणार ती, ज्यांनी रवा हातात धरला न्हाय." पण परत फिरले नाहीत. संध्याकाळी भाव कळला तेव्हा गॅलरीत जाऊन त्यांनी तो खणखणीत आवाजात तीनदा पुकारला, कारण पुकारल्याशिवाय सौदा होत नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी भंगारवाला समजून त्यांना थांबायला सांगितलं. मग त्यांनी खिशातून पुडी काढली आणि गुळाचा एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. सौदा झाला की असा खडा द्यायचा, ही त्यांची पद्धत. सरकारच्या तळहाताची सोय नसल्यामुळे तो मी खाल्ला.

यानंतर जे झालं त्याची कल्पना ना मला होती ना दिल्लीला. आप्पांच्या यार्डात एक रीत आहे: सौदा होईपर्यंत मालाला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण एकदा खडा हातावर पडला की त्या मालाला पुन्हा नाव ठेवायचं नाही. सडका निघाला तरी गिळायचा. त्यामुळे देशातला असा एकमेव सावकार तयार झाला, ज्याला आपल्या कर्जदाराबद्दल अवाक्षर काढता येत नव्हतं. लाईट गेली की आप्पा म्हणायचे, सरकार दम घेतंय. नळाला गढूळ पाणी आलं की म्हणायचे, नदीचं पाणी नदीसारखंच येणार. स्कूटर खड्ड्यात गेली आणि माझं डोकं त्यांच्या पाठीवर आपटलं की मान न वळवता सांगायचे, "खड्डा न्हाय त्यो. काम चालू हाय." चहाच्या गाड्यावर कुणी सरकारविरुद्ध बोलायला लागला की आप्पा चहा अर्धा टाकून उठत. सरकार कुठल्या पक्षाचं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यामुळे सगळ्याच पक्षांची माणसं त्यांना आपापल्या विरोधकांचा हस्तक समजू लागली. काकू निपाणीच्या. त्या रागावल्या की कानडीत शिरतात. "साकु री," पुरे करा हो, असं म्हणून त्या मला सांगायच्या, की चाळीस वर्षांत मी केलेल्या आमटीला यांनी नाव ठेवलं नाही असा एक दिवस गेला नाही, आणि सरकारची एवढी वकिली. यावर आप्पा म्हणायचे की तुझा सौदा आमच्या वडलांनी केला होता, खडा त्यांच्या हातावर पडला, ती रीत मला लागू होत नाही.

अर्थसंकल्पाच्या दिवशी ते आंघोळ करून टीव्हीसमोर बसत. आकडे त्यांना कळत नसत, पण कर्जदार बोलताना पाणी किती वेळा पितो हे ते मोजत. सरकार आपले पैसे परत कुठून देणार, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, नवं कर्ज काढून. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. पण आप्पांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे आपल्या पुढच्याला आपले पैसे गेले आणि आपल्याला आपल्या मागच्याचे येणार. रांग मोडली नाही म्हणजे झालं. सार्वजनिक कर्जाच्या व्यवस्थापनावर मी चार पुस्तकं वाचली आहेत आणि त्यांतल्या एकातही हे इतक्या कमी शब्दांत सांगितलेलं नाही. दर सहा महिन्यांनी रोख्याचं व्याज बँकेत जमा झालं की ते मला गंगावेशीला दूध कट्ट्यावर घेऊन जात. तिथे म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ दूध तसंच पेल्यात देतात. पेला माझ्या हातात देऊन आप्पा सांगत, "प्या. दिल्लीनं पाजलंय."

मी या सगळ्याची स्टाफरूममध्ये नक्कल करत असे आणि चांगला हशा मिळवत असे. तो हशा चालू असतानाच माझ्या खिशातल्या फोनवर माझा स्वतःचा मोकळा बाजार चालू होता. पूर्वी शेअर बाजारात जायचं तर दलाल गाठावा लागे, कागद भरावे लागत. आता बोटानं दाबलं की माणूस थेट ऑप्शनच्या सौद्यात. ऑप्शन म्हणजे उद्या भाव कुठे जाईल यावर आज लावलेली पैज. मी वर्गात तिला 'जोखीम व्यवस्थापनाचं साधन' म्हणतो. आधी थोडे मिळाले, मग थोडे गेले, मग गेलेले परत आणण्यासाठी मुलीच्या पुण्याच्या कॉलेजची फी लावली, आणि तीही गेली. फी भरायची शेवटची तारीख दहा दिवसांवर होती. ती नाही भरली तर तिची वास्तुरचनेची जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कुणाला जाणार होती. हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. बायकोला सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं आणि मुलगी तर नव्या ड्रॉइंग बोर्डावर आपलं नाव रंगवत बसली होती.

त्याच आठवड्यात आप्पा सहज घरी आले. मी नेहमीसारखं हसून त्यांना खुर्ची दिली, सरकारची तब्येत विचारली. त्यांनी पुढे वाकून माझ्या दंडावर अंगठा दाबला. "वरनं कडक दिसताय, पावणं," ते म्हणाले. "आत वल हाय." आत ओल असलेला रवा बाहेरून कितीही चकचकीत दिसला तरी महिन्याभरात पाझरायला लागतो, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं होतं. बायको स्वयंपाकघरात चहा करत होती. मी कुजबुजत सगळं सांगून टाकलं. आप्पांनी चहा घेतला, बशी पुसून ठेवली आणि गेले.

शेवटच्या तारखेला दोन दिवस असताना ते बँकेतून थेट माझ्या कॉलेजवर आले आणि फीच्या रकमेचा चेक माझ्या हातात दिला. पुतण्यांकडे जुनं येणं अडकलं होतं ते आज आलं, असं म्हणाले. मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी पुडी काढली आणि गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला. मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण मी अर्थशास्त्राचा माणूस, मला ते उशिरा कळलं.

फी भरली, मुलगी पुण्याला गेली. पंधराएक दिवसांनी आप्पांच्या मागे बसून मी शिरोलीला एका बारशाला चाललो होतो. पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर स्कूटर दणकन खड्ड्यात गेली. मी सवयीनं 'काम चालू हाय' ऐकायच्या तयारीत होतो. आप्पांनी स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली, खड्ड्याच्या काठावर उभे राहिले आणि सौद्याच्या आवाजात सुरुवात केली. ठेकेदारापासून निघाले, नगरसेवक, तहसीलदार, मंत्रालय करत थेट दिल्लीपर्यंत गेले आणि परत खड्ड्यापाशी आले. फाउंड्रीच्या पाळीवरून सुटलेले दोन कामगार मोटारसायकल थांबवून ऐकत राहिले. त्यातला एक मला म्हणाला, "म्हातारं लई दिसाचं तुंबलंय." मी पहिल्यांदा हसलो. मग मला यार्डाची रीत आठवली. ज्याच्याकडे माल आहे तो असं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी राजारामपुरीतल्या कर सल्लागार बाईंकडे गेलो. आमच्या दोन्ही घरांचे कागद त्यांच्याकडेच असतात. माझा चेहरा बघून त्यांनी लपवायचा प्रयत्न केला नाही. आप्पांनी बाईंच्या कॉम्प्युटरवरून रोखा बाजारात विकला होता. मधल्या काळात व्याजदर वाढले होते, आणि व्याजदर वाढले की जुन्या रोख्याचा भाव उतरतो. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. विकताना मात्र भाव विकणाऱ्यानं स्वतः सांगायचा असतो. बाई म्हणाल्या, हे ऐकल्यावर आप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले, टोपी नीट केली आणि त्यांनी भाव पुकारला. बाहेर बसलेले दोन पक्षकार दचकले. तो भाव कुणी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन आप्पांनी स्वतःच तो खाली आणला, दुपारी आणखी खाली आणला, तेव्हा कुठे गिऱ्हाईक मिळालं. चार दिवस थांबा, भाव येईल, असं बाईंनी त्यांना सुचवलं होतं. "तर म्हणाले, थांबायचं असतं तर आलो असतो व्हय," बाई म्हणाल्या, आणि टेबलाच्या खणातली गुळाची पुडी त्यांनी मला दाखवली. सरकारी बाजारात आयुष्यात एकदाच त्यांना भाव काढायला मिळाला, आणि तो त्यांना माझ्यासाठी पाडावा लागला. मी जिन्यात बसून रडलो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

मग मी बायकोला सगळं सांगितलं. तिला जे बोलायचं होतं ते ती बोललीच; पुढे आप्पांच्या घरी, काकूंच्या समोर, तिनं ते पुन्हा काढलं. अर्थशास्त्राचा प्राध्यापक, हातात फोन, अक्कल कुठे गेली, असं बरंच. सगळं खरं होतं. आप्पांनी जेवता जेवता हात वर केला. "बास," ते म्हणाले. "सौदा झालाय. मालाला नाव ठेवायचं न्हाय." त्यानंतर ते सरकारला रोज नावं ठेवतात, पाण्यावरून, विजेवरून, एसटीवरून; गल्लीला वाटतं म्हातारा विरोधी पक्षात गेला. पण माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून आजवर एक वाकडा शब्द आलेला नाही. कधी कधी वाटतं, एकदा त्या खड्ड्यासारख्या मलाही त्यांनी समोर उभं करून शिव्या घालाव्यात, म्हणजे मला बरं वाटेल. ते तेवढं काही करत नाहीत.

परवा व्याजाची तारीख होती. दिल्लीकडून काही येणार नव्हतं, तरी आप्पा ठरल्या वेळी स्कूटर घेऊन दारात आले आणि आम्ही दूध कट्ट्यावर गेलो. मी साठवून ठेवलेले थोडे पैसे पाकिटात घालून नेले होते. दूध पिऊन झाल्यावर ते त्यांच्यापुढे केलं. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. "तीस वर्सांची मुदत हाय," ते म्हणाले. "मी आता एकाहत्तरचा. एकशेएकचा झालो की या. तवर पोरीला शिकवा." दूधवाल्यानं, हे कोण, असं विचारलं, तेव्हा आप्पांनी माझ्या दंडावर अंगठा दाबून बघितला आणि आमचे पावणे आहेत, माल चांगला आहे, असं त्याला सांगितलं.

मी पाकीट परत खिशात ठेवलं. जमेल तर कर्ज मुदतीआधी फेडावं असं मी मुलांना शिकवतो, पण हे एक कर्ज मुदतीआधी फिटू नये असं मला मनापासून वाटतं. तीस वर्षांनी त्या तारखेला या माणसानं माझ्या दारात स्कूटर लावावी, आत यावं आणि आपल्या आवाजात पैसे मागावेत, एवढीच माझी इच्छा आहे. तोवर सरकार टिकलं नाही तरी चालेल. परत येताना गंगावेशीपासून गल्लीपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला त्यांनी वेगळी शिवी दिली. मी मागे बसून ऐकत आलो.